एकट्याच्या शेतीला दत्तरावचं वायफाय

चुडावा, ता. पूर्णा
११ मार्च

तीर्थरूप कल्याणराव दाजींच्या चरणी महारुद्रचा शरणार्थ पोचावा. अक्कालाही पोचावा, ती हे पत्र तुमच्या आधी फोडून वाचणार आहे, हे धरूनच लिहितो आहे. तुमच्या गुडघ्याची हकीकत तिच्या फोनवरून निम्मी कळली. "सूज उतरली, पण..." इथपर्यंत ऐकू आलं आणि गच्चीवरची रेंज गेली. त्या 'पण'च्या पुढं काय आहे, याची मला चार दिवस काळजी लागून राहिली आहे. इकडं सगळं ठीक. अव्वाची, म्हणजे तुमच्या सासूबाईंची, तब्येत ब्याऐंशीच्या मानानं उत्तम आहे, कान सोईनुसार चालतात. राजेश्रीचे दळण-कांडण, भिशी आणि माझ्यावरची देखरेख हे तिन्ही विभाग सुरळीत. मला शाळेत दहावीच्या परीक्षेची ड्युटी आहे, म्हणजे तीन तास काहीही न करता उभं राहायचं आणि मुलांनाही काही करू द्यायचं नाही.

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. तर दाजी, पत्राला रेंज लागत नाही. मी लिहायला बसलो की मी महारुद्रच आहे ना, हे दर दहा मिनिटांनी विचारायला पोस्टमन दारात उभा राहत नाही. हे वाक्य तुम्हाला विचित्र वाटेल. पत्र संपेपर्यंत वाटणार नाही.

सुरुवात दिवाळीत झाली. आमचा शंभुराज पुण्याहून आला आणि जाताना त्याचा जुना कॉम्प्युटर इथंच ठेवून गेला. (मुलं हल्ली आईबापाला जुन्या वस्तू देतात आणि त्याला काळजी म्हणतात.) त्यावर त्यानं एक खेळ घालून दिला, रीतसर विकत घेऊन. शेतीचा खेळ. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, मी मनातल्या मनात त्याला 'निवांत शिवार' म्हणतो. शिक्षकी पेशा, वय चौपन्न, आणि पडद्यावर पेरणी करणार, म्हणून मी आधी हसलो. पण त्याच्या माहितीत एक ओळ होती, हा खेळ एकट्यानं खेळायचा आहे. तिथं मी विरघळलो. तुम्ही आमच्या घरात राहून गेलेले आहात. या घरात माणूस एकटा म्हणून फक्त दाढी करताना असतो, आणि तेव्हाही आरशात मागून कुणीतरी टॉवेल मागत असतं.

काय ते शिवार, दाजी! चाळीस एकर सलग. कुठल्याशा थंड मुलखातलं, लांब डोंगरावर बर्फ. बारा महिने तेरा काळ पाणी, वीज चोवीस तास, रानडुक्कर नाही, पंचनाम्याला येतो म्हणून न येणारं कुणी नाही. टोपी घातलेला एक गोरा गडी ट्रॅक्टर चालवतो. त्याचं मी माणिकराव असं नाव ठेवलं. माणिकरावांचा मोठा गुण म्हणजे ते सांगितलेलं करतात आणि वर मत देत नाहीत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, त्या चाळीस एकराला बांध नाही. शेजारीच नाही, तर बांध कशाला? तुम्हाला आमच्या गट नंबर ११८ चा इतिहास सांगायला नको. दत्तरावनं अकरा वर्षांपूर्वी वखर घालताना बांधालगतच्या दोन ओळी आपल्या रानात ओढल्या, की त्याच्या म्हणण्याप्रमाणं त्याच्या बापाच्या वेळी आमच्या बापानं ओढलेल्या परत नेल्या, यावर अजून निकाल नाही. तेव्हापासून दत्तराव माझा चुलत भाऊ असूनही आमचा अबोला आहे. आणि मी खरं सांगतो, या अकरा वर्षांत मी खऱ्या रानातल्या पिकाकडं कधी नीट बघितलंच नाही. रानात गेलो की आधी बांधाकडं नजर. हरभरा घाट्यावर आला काय, वाळून गेला काय, मी बांधावर पावलं मोजत उभा.

म्हणून माझी इच्छा एवढीच होती. एक पीक, पेरणीपासून मापापर्यंत, एकट्यानं, कुणाशी न बोलता, कुणाला न विचारता पदरात पडलेलं बघायचं. एकच. त्यानंतर कॉम्प्युटरवर राजेश्रीनं पापड वाळत घातले असते तरी माझी हरकत नव्हती.

पहिल्या दिवशी गहू पेरला. दुसऱ्या दिवशी यंत्र म्हणालं, तुमचा संपर्क तुटला आहे, खेळ थांबवण्यात येत आहे. मला कळेना, संपर्क कुणाशी? मी एकटा आहे, हाच तर या खेळाचा मुद्दा! पुन्हा उघडलं तर गहू अर्धा गायब, आणि माणिकराव नांगर धरून पहिल्या दिवसाच्या जागी उभे. शंभुराजला फोन केला. तो म्हणाला, बाबा, खेळ सुरू असेपर्यंत इंटरनेट लागतंच, कंपनी बघत असते की खेळ खरोखर तुमचाच आहे का. मी विचारलं, किती वेळा बघते? तर म्हणे, सतत. म्हणजे शेत माझं, नांगर माझा, गडी माझा, खेळ माझ्याच कॉम्प्युटरात पडलेला, आणि कुठल्या समुद्रापलीकडं बसलेला एक माणूस दर क्षणाला सातबारा मागतो. माझ्या बांधाशिवायच्या शेतात त्यांनी एक भाऊबंद आणून बसवला होता, आणि तो दिसतही नव्हता की दोन शब्द सुनवावेत.

(अव्वाला ही गोष्ट माझ्यापेक्षा लवकर कळली. तिला दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी आपण जिवंत आहोत हे बँकेत जाऊन दाखवावं लागतं. यंदा तिचा अंगठा मशीनला पटेना. भाकरी थापून थापून रेषा झिजलेल्या. बँकेतली मुलगी म्हणाली, "आजी, तुमी येत न्हाईत." अव्वा म्हणाली, "मग ह्या पायऱ्या कोन चढली, माय?" चारदा अंगठा पुसून झाल्यावर मशीननं तिला हयात मानलं. मी माझ्या खेळाची अडचण सांगितली तेव्हा ती एवढंच बोलली, "मला वर्साला एकदा इचारतेत. तुला रोज इचारायलेत. तुज्यावर लय संशय हाय त्यांचा.")

मी कंपनीला तक्रार लिहिली. शिक्षकाची तक्रार, मुद्देसूद, परिच्छेद पाडून. उत्तर आलं की तक्रार नोंदवून घेण्यासाठी कृपया खेळाशी जोडलेले राहावे. म्हणजे नेट नसल्याची तक्रार नेटवरून. मग एकदा कामानिमित्त परभणीला आलो होतो (तुमच्याकडं येणार होतो, पण बस लवकर होती) तेव्हा बाजारातल्या एका मोबाईलच्या दुकानात विचारलं. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "सर, तुमी इकत कामून घेतला? चोरीचा घ्यायचा ना. त्याला नेट-बीट काय लागत न्हाई, लय निवांत चालतो." मी म्हटलं, मी शिक्षक आहे. तो म्हणाला, "म्हनून तर!" एस.टी.त बसून मी याच्यावर पूर्णेपर्यंत विचार केला. चोरी होऊ नये म्हणून कंपनीनं पहारा बसवला, तो चोर सोडून गिऱ्हाइकाच्या उरावर. ज्यानं चोरला तो आपल्या चाळीस एकरात तंगड्या पसरून बसलेला आहे. पण तुमच्या सासऱ्यांनी आम्हाला वळण लावलं ते असं की, चोरीच्या ट्रॅक्टरवर मला माणिकरावांना बसवता येईना.

तेव्हा नेटचा इंतजाम करणं आलं. आमच्या घरात रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या उत्तरेला, तीही फोन डोक्याच्या वर धरला तर. मी फोन कॅरीबॅगमध्ये घालून टाकीच्या पाइपाला टांगला, हॉटस्पॉट लावला आणि खाली जिन्यातल्या खोलीत शेती सुरू केली. चार दिवस बरे गेले. मग ध्यानात आलं की स्टेशनात गाडी आली की माझा संपर्क तुटतो. माझा अंदाज असा की गाडीतली हजार माणसं एकदम फोन काढतात आणि आमच्या गरीब टॉवरवर तुटून पडतात. मी वेळापत्रक आणून भिंतीला लावलं आणि दोन गाड्यांच्या मधे शेती करू लागलो. पण मालगाडीला वेळापत्रक नसतं आणि पॅसेंजरला ते लागू नसतं. मका कणसात असताना पॅसेंजर पाऊण तास उशिरा आली आणि मका गेला. सूर्यफूल गेलं ते क्रॉसिंगला थांबलेल्या एका एक्स्प्रेसनं. पीक रेल्वेखाली गेलेला मी जिल्ह्यातला पहिलाच शेतकरी असेन, आणि याला विमा नाही.

त्यानंतर वानराचा प्रसंग झाला. एका वानरानं टाकीवरची कॅरीबॅग केळी समजून उचलली आणि समोरच्या कडुलिंबाच्या पार शेंड्यावर नेली. राजेश्री काठी घेऊन ओरडत होती, शेजारचे दगड शोधत होते, आणि मी सगळ्यांना गप्प बसा म्हणत होतो. कारण दाजी, लिंबाच्या शेंड्यावर रेंज पूर्ण होती. ते वानर तिथं चाळीस मिनिटं बसलं आणि त्या चाळीस मिनिटांत माझा संपर्क एकदाही तुटला नाही. मी नांगरलं, पेरलं, खत टाकलं. माझ्या शेतीच्या आयुष्यातला सर्वोत्तम काळ तो. मग त्याला फोनची चव कळली असावी, कारण त्यानं तो खाली टाकला. फोन वाचला, कोपरा गेला. मी पुढं दोन दिवस टाकीवर केळी ठेवली होती, हे राजेश्रीनं अक्काला सांगितलंच असेल. ते खरं आहे.

आता येतो मुख्य संकटाकडं. गावात जमिनीखालून नेटची वायर आली ती आमच्या गल्लीत दत्तरावच्या घरापर्यंतच आली. तिथं वायर संपली की योजना संपली, ते मला माहीत नाही. त्याच्या ओसरीतल्या वायफायच्या डबीचे दिवे आमच्या जिन्यातून दिसतात. वायफाय भिंत ओलांडून आमच्याकडं येतं, कॉम्प्युटरवर त्याचं नावही उमटतं, फक्त पासवर्ड पाहिजे. म्हणजे ज्या माणसाचं तोंड बघायला नको म्हणून मी बर्फाच्या डोंगरापाशी चाळीस एकर केले, तिथं पोचायचा रस्ता त्याच्याच ओसरीतून जात होता. मी आठ दिवस मनाशी भांडलो. नवव्या दिवशी गहू पुन्हा गेला आणि मी अव्वाला सांगितलं.

(आमच्याकडं अबोला पुरुषांपुरता असतो, हे तुम्हाला ठाऊकच. भिंतीवरून विरजण, कढीपत्ता आणि बातम्या अकरा वर्षांत एक दिवस खंडलेल्या नाहीत. दत्तरावची केशरबाई माझ्या उपासाला साबुदाणा पाठवते, आणि तो कुणाच्या घरचा हे मला माहीत नाही असं सगळे धरून चालतात.)

अव्वा गेली आणि कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेला पासवर्ड घेऊन आली. दत्तरावचं अक्षर. इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता, एका दमात लिहिलेलं: बांधदत्तरावचा११८.

मी तो कागद बराच वेळ बघत बसलो. तुम्ही भूमी अभिलेखात तेहतीस वर्षं काढलीत, म्हणून तुम्हालाच विचारतो, माणसानं स्वतःच्या हातानं, कुणाचा दबाव नसताना, पूर्ण शुद्धीत हे अक्षर अन् अक्षर टाइप केलं तर तो कबुलीजबाब ठरतो का? माझ्याकडून अकरा वर्षांत जे तलाठी, सरपंच आणि दोन्हीकडचे मामा मिळून वदवून घेऊ शकले नाहीत, ते मी एका हार्वेस्टरसाठी लिहिणार होतो. लिहिलं. डावीकडं कुणी बघत नाही ना, हे बघून लिहिलं. कॉम्प्युटरनं विचारलं, हा पासवर्ड लक्षात ठेवू का? मी म्हटलं, खबरदार! कायमची नोंद मला नको होती. त्याची शिक्षा अशी की कॉम्प्युटर चालू करीन तेव्हा तेव्हा ते पुन्हा लिहावं लागे. शाळेत गृहपाठ न करणाऱ्याला मी एकच ओळ शंभरदा लिहायला लावत असे. ती मुलं आता कुठं असतील तिथं त्यांना समाधान वाटो.

आठ दिवसांनी पासवर्ड बदलला. अव्वा नवा कागद घेऊन आली: बाभूळपणदत्तरावची. बांधावरच्या बाभळीचा विषय आम्ही तोवर काढलाही नव्हता! पण गहू कमरेला लागला होता. बाभूळ दिली.

मग फेब्रुवारीतल्या एका रविवारी, दुपारी चारच्या सुमाराला, दत्तराव स्वतः आमच्या दारात उभा राहिला. अकरा वर्षांनी. अव्वाकडं तोंड करून म्हणाला, "काकू, इचारा तुमच्या लेकाला, रोज माजं नेट घेऊन ह्यो काय करायलाय. आमच्या घरात पिच्चर अडकायलाय." अव्वा म्हणाली, "तूच बग की आत जाऊन. मला पायऱ्या व्हत न्हाईत." (सकाळीच ती गच्चीवर सांडगे घालून आली होती.) तो जिन्यातल्या खोलीत आला. मी पाठ फिरवली नाही. तो धान्याच्या पिंपावर बसला.

बराच वेळ तो पडद्याकडं बघत होता. चाळीस एकर गहू, ओंब्या धरलेल्या, वारा सुटलेला. मग आता बोलायचं कुणाशी असा प्रश्न आला. अव्वा खाली होती. दत्तरावनं सगळीकडं बघितलं आणि शेवटी पडद्यावरच्या ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, "ओ टोपीवाले, हे रान कुनाचं म्हनायचं?"

मी पडद्याकडंच बघून म्हटलं, "माणिकराव, सांगा त्यांना, माझं आहे."

"आन् बांध?"

"बांध नाही म्हणावं. कुठंच नाही."

बांध नसलेलं रान दत्तरावनंही कधी बघितलं नव्हतं. मग एकदम पिंपावरून उठून पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, "मानिकराव, तो कोपरा राह्यलाय की तुमचा. पान्याच्या अंगाचा. मालकाला दिसंना का? बगत काय बसलाव!" आणि कोपरा खरंच राहिला होता, दाजी. तीन आठवडे मला दिसला नव्हता.

त्या दिवसापासून तो रोज पाचला येऊ लागला. आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोलत नव्हतो, हे मी तुम्हाला शपथेवर सांगतो. जे काही असेल ते माणिकरावांमार्फत. माणिकराव, पाणी लय व्हायलंय. माणिकराव, ज्याला शाळेत शिकवायचं त्यानं शाळेत शिकवावं, पाण्यातलं काय कळतंय. माणिकराव, ज्यांनी बोअर चारदा घेतला आणि चारदा खडक काढला, त्यांना विचारा. त्या बिचाऱ्या गोऱ्या माणसानं आमच्या घराण्याची चार पिढ्यांची उणीदुणी टोपी न हलवता ऐकून घेतली. आणि मी एकटा राहायचं म्हणून घेतलेल्या खेळात आता रोज दुपारी पिंपावर दत्तराव, दारात अव्वा, चहा घेऊन राजेश्री, आणि समुद्रापलीकडं ती कंपनी, एवढी माणसं होती. मला राग यायला पाहिजे होता. पाच वाजून दहा मिनिटं झाली तरी तो आला नाही की मी दाराकडं बघत असे, आणि त्याचा मला राग येई.

कापणीचा दिवस गेल्या रविवारचा ठरला. तयारी अशी झाली की खऱ्या सुगीत कधी झाली नसेल. इन्व्हर्टर भरून घेतला. वानरासाठी राजेश्री गच्चीवर. दत्तरावनं सकाळीच त्याच्या ओसरीतली वायफायची डबी वायरीसकट उचलली आणि आमच्या दोघांच्या मधल्या सामाईक भिंतीवर आणून ठेवली, वर पावसाचा नेम नाही म्हणून टोपलं पालथं घातलं. (मार्च महिना, पण त्याचा स्वभाव.) केशरबाई पहिल्यांदाच आमच्या जिन्यात आली. अव्वानं पडद्याला हळदकुंकू लावायचा हट्ट धरला. मी काठाला लावू दिलं.

हार्वेस्टर सुरू झालं. दहा एकर. वीस. नेट असं धडधडीत होतं की स्टेशनात दोन गाड्या येऊन गेल्या तरी पडदा हलला नाही. तीस. दत्तराव माणिकरावांना, हळू घ्या, वळनावर हळू, असं सांगत होता. छत्तीस एकराला मी चष्मा पुसला. एकोणचाळीस झाले. एक एकर उरला, तोच तो पाण्याच्या अंगाचा कोपरा.

आणि पडदा पांढरा झाला.

संपर्क तुटला नव्हता, दाजी. डबीचे चारही दिवे लागलेले होते. पडद्यावर कंपनीची चार ओळींची चिठ्ठी होती: हा खेळ आजपासून कायमचा बंद करण्यात येत आहे, इतके दिवस आमच्यासोबत राहिल्याबद्दल आभार. (शंभुराजला याची सूचना तीन महिन्यांपूर्वी आली होती. त्यानं ती जाहिरात समजून उघडलीच नाही.) मी आठवड्याला शंभरदा हजर आहे, हजर आहे म्हणत होतो, बांध लिहून दिला, बाभूळ लिहून दिली, आणि शेवटी गैरहजर झाले ते. हयातीचा दाखला त्यांच्याकडून मागायला पाहिजे होता, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दत्तरावनं सवयीनं पडद्याकडं बघून तोंड उघडलं, पण माणिकराव तिथं नव्हते. रान नव्हतं, टोपी नव्हती, डोंगर नव्हता. सांगायचं तर कुणाला? तो माझ्याकडं वळला आणि म्हणाला, "महारुद्र, रान गेलं का रं?"

मी म्हटलं, "गेलं."

मग आम्हा दोघांच्याही लक्षात आलं की काय झालं, आणि आम्ही दोघंही उगाच त्या डबीचे दिवे बघू लागलो. दारातून अव्वा म्हणाली, "बांध बी गेला का?" दत्तराव म्हणाला, "काकू, त्यात बांध कुटं व्हता?" अव्वा म्हणाली, "मग गेलं तर गेलं. उटा आता, दोगं बी च्या प्या. कापायचं न्हाई, मळायचं न्हाई." आणि काठाचं हळदकुंकू पदरानं पुसून टाकलं.

त्यानंतरचं सांगण्यासारखं विशेष नाही. तो अजून पाचला येतो. बंद कॉम्प्युटरसमोर आम्ही बसतो. खेळ पुरा झाला नाही याची रुखरुख आहे. एक एकर राहिला, एकच. पण काल तो म्हणाला की हरभरा काढायला आलाय तुमचा, बघितला का? मी म्हटलं, नाही. आज सकाळी आम्ही जाऊन बघून आलो. बरा आहे. बांधावरूनच गेलो, पण वाटेत दुसऱ्या गोष्टी निघाल्या.

अक्काला नमस्कार, तुम्हाला पुन्हा एकदा शरणार्थ. जास्त काय लिहू, जे लिहायचं होतं ते अजून लिहिलेलं नाही.

आपला,
महारुद्र

ता.क. गुडघ्यावर लावायला अव्वानं तेल करून ठेवलं आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवतो.

ता.क. २. पण ते २२ तारखेपर्यंत लावू नका. २२ ला आमच्या बांधाची मोजणी लागली आहे, हे तुमच्या ध्यानात असेलच, कारण तुम्ही दोघांचेही दाजी म्हणून पंच तुम्हीच, आणि थोरल्यांच्या वेळची मोजणीची नक्कल तुमच्याच पेटीत. तुम्ही आल्याशिवाय तो मान्य करणार नाही आणि मीही नाही. अर्ज मागं घ्यावा असं दोघांच्याही मनात आहे, असा मला संशय आहे; पण जो आधी मागं घेईल त्याचा बांध गेला, असं गाव धरेल. तो घेणार नाही. मी तर नाहीच. म्हणून सगळा भार तुमच्या गुडघ्यावर आहे. अक्काचा तो 'पण' ऐकल्यापासून मला फार आशा वाटते आहे. सूज पूर्ण उतरली असेल तर कृपया कुणाला सांगू नका. दत्तरावचंही असंच पत्र येईल. त्याला माझं आलं होतं असं कळू देऊ नका.

ता.क. ३. पासवर्ड अजून बाभळीचाच आहे, त्यानं बदलला नाही. पोस्टाची वेळ बघायला आज कॉम्प्युटर लावला तेव्हा यंत्रानं पुन्हा विचारलं, लक्षात ठेवू का? मी म्हटलं, ठेव.

ता.क. ४. नक्कल मात्र फाडू नका. पेटीत खाली, डांबराच्या गोळ्या घालून नीट ठेवा. लक्षात ठेवतो म्हणणाऱ्यांचं काय होतं, ते मी एकोणचाळिसाव्या एकरावर बघितलेलं आहे.